दंडावरून महाधमनीचा दाब सांगणारी दोन यंत्रे: सव्वा वर्षाच्या वापरानंतर

आमच्या रक्तदाब तपासणी विभागात गेल्या सव्वा वर्षापासून दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. पहिले म्हणजे जाडसर पेनासारखी दिसणारी, टोकाला दाब ओळखणारा सेन्सर बसवलेली एक कांडी असून ती मनगटावरच्या नाडीवर धरायची असते. दुसरे दिसायला नेहमीच्या बीपी यंत्रासारखेच असून त्याचा कफ दंडाला बांधायचा असतो. पहिल्याला दंडातल्या दाबाचे आकडे आपण मोजून पुरवावे लागतात, दुसरे ते स्वतःच मोजते. दोघांचा दावा मात्र एकच आहे, तो असा की हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या सुरुवातीला किती दाब असेल हे ती सुई न टोचता आणि आत नळी न सरकवता सांगू शकतात. या दाबाला केंद्रीय रक्तदाब म्हणतात. हे परीक्षण मी असे यंत्र विकत घेण्याच्या विचारात असलेल्या डॉक्टरांसाठी लिहीत आहे, आणि ज्यांच्या हातात या तपासणीचा कागद पडला आहे पण त्याचा अर्थ लागत नाही, अशा रुग्णांसाठीही. यंत्रांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मला आलेल्या बहुतेक अडचणी एका कंपनीच्या नसून पद्धतीच्याच आहेत आणि त्या जातीच्या कोणत्याही यंत्रात कमीअधिक प्रमाणात भेटतील.

ज्या रुग्णामुळे मला या यंत्रांचे मोल पहिल्यांदा जाणवले, तो एकोणीस वर्षांचा, सहा फुटांहून उंच, सडपातळ आणि रोज पोहणारा मुलगा होता. नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीत त्याच्या कागदावर ‘बीपी वाढलेला’ असा शेरा पडला होता आणि त्याला गोळी सुरू करायची की नाही हे ठरवण्यासाठी तो आमच्याकडे आला होता. पाच मिनिटे शांत बसवून तीनदा मोजल्यावरही त्याच्या दंडातला दाब १४८/७६ भरला, म्हणजे शेरा लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. मग कफच्या यंत्राने केंद्रीय दाब पाहिला, तो १२४/७७ आला. सोबत आलेल्या आईने विचारले, “डॉक्टर, मग ह्याचा खरा बीपी कोणता धरायचा?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही’ असेच आहे, एक दंडातला, प्रत्यक्ष कफने मोजलेला, आणि दुसरा हृदयाजवळचा, गणिताने काढलेला.

हे दोन आकडे वेगळे का, हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढचे परीक्षण समजणार नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर महाधमनीत उठणारी दाबाची लाट हातापायांकडे जाताना जशीच्या तशी राहत नाही. पुढच्या धमन्या अरुंद आणि अधिक ताठ असतात, शिवाय फाट्यांवरून आणि बारीक धमन्यांवरून लाटेचा काही भाग मागे फिरतो, त्यामुळे लाटेचे टोक पुढे पुढे चढत जाते. सरासरी दाब मात्र हृदयापासून हातापर्यंत जेमतेम एक-दोन मिलिमीटर पाऱ्याने उतरतो आणि खालचा दाबही जवळजवळ तेवढाच राहतो. फरक पडतो तो वरच्या आकड्यात. तरुण, उंच आणि लवचीक धमन्यांच्या माणसात हा फरक वीस मिलिमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. वय वाढून महाधमनी ताठरली की परतीची लाट लवकर, म्हणजे हृदय अजून रक्त ढकलत असतानाच, येऊन थडकते आणि केंद्रीय दाबच वर उचलते, त्यामुळे दंड आणि महाधमनी यांतली तफावत आक्रसते. त्याच आठवड्यात आलेल्या ७४ वर्षांच्या एका आजींचा दंडातला दाब १४८/७० होता, म्हणजे वरचा आकडा त्या मुलाइतकाच; त्यांचा केंद्रीय दाब मात्र १४० निघाला. हृदयाच्या डाव्या कप्प्याला आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांना सोसावा लागतो तो महाधमनीतला दाब, आणि दंडाच्या कफने तर त्या मुलाला आणि या आजींना एकाच रांगेत बसवले होते.

नाडीच्या लाटेचा आकार टिपण्याची कल्पना कफपेक्षाही जुनी आहे. फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे यांनी १८६० मध्ये नाडीची लाट कागदावर रेखाटणारे सुबक यंत्र तयार केले. लंडनचे फ्रेडरिक मोहम्मद यांनी १८७० च्या दशकात अशाच आलेखांवरून, रक्तदाब वाढलेल्या माणसाच्या लाटेचा आकार निराळा असतो हे दाखवले. पुढे १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांचा कफ आला, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची रीत दिली, आणि दोन सुटसुटीत आकडे मिळू लागल्यावर लाटेकडे बघण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सिडनीच्या मायकेल ओ’रूर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कल्पना पुन्हा पुढे आणली; १९९३ मध्ये करमानोग्लू यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या कामात त्यांनी महाधमनीतली आणि हातातली लाट यांच्यातले नाते गणिताने मांडले, आणि ‘स्फिग्मोकोर’ हे यंत्र त्याच वाटेने आले. कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून तपासणी करण्याच्या खोलीत, एकाच वेळी दोन्ही ठिकाणच्या दाबाच्या लाटा नोंदवायच्या, लाटेतला कोणता कंप हातापर्यंत येताना किती पटीने वाढतो ते काढायचे, अनेक माणसांची सरासरी घ्यायची आणि मग नव्या रुग्णाच्या मनगटावरच्या लाटेला तेच गणित उलट लावून महाधमनीतली लाट काढायची, असा हा सगळा प्रकार आहे. याला ट्रान्सफर फंक्शन म्हणतात. एकच सरासरी गणित सगळ्यांना कसे लागू पडेल, ही शंका पहिल्या दिवसापासून घेतली गेली आहे. वरच्या दाबाचा अंदाज काढण्यापुरते ते बऱ्यापैकी चालते, कारण तो मुख्यतः लाटेतल्या सावकाश कंपांवर ठरतो. लाटेवरचे बारीक खाचखळगे मात्र त्यातून तितक्या भरवशाने परत येत नाहीत.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. मनगटाची कांडी शिकायला वेळ लागतो, हे विकणारा सांगत नाही. तत्त्व साधे आहे: धमनी मागच्या हाडावर अलगद चपटी केली की तिच्या भिंतीतला ताण हिशेबातून जातो आणि सेन्सरला आतला दाबच जाणवतो. पण ‘अलगद’ म्हणजे किती, हे हाताला कळायला मला तीन आठवडे लागले. मनगटाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून हात थोडा मागे झुकवायचा, नाडी बोटाने शोधून तिचा सर्वांत ठसठशीत बिंदू मनात पक्का करायचा, त्यावर कांडी सरळ उभी टेकवायची आणि पडद्यावरची लाट बघत दाब केसभर कमीजास्त करायचा. कमी दाबले तर लाट बुटकी आणि गोलसर दिसते, जास्त दाबले तर तिचा पाय खचतो. बरोबर जमले की पडद्यावर एकसारख्या, तीक्ष्ण चढणीच्या लाटा रांगेने येऊ लागतात, आणि तसेच दहा-बारा सेकंद श्वास रोखल्यासारखे थांबावे लागते. रुग्णाने नव्हे, आपणच. यंत्र प्रत्येक नोंदीला गुणवत्तेचा आकडा देते, ही या कांडीची सर्वांत चांगली गोष्ट आहे. आमच्याकडे ८० पेक्षा कमी गुण पडलेली नोंद आम्ही सरळ फेकून देतो. सुरुवातीला माझ्या दर तीन नोंदींपैकी एक अशी फेकावी लागे, तर आमच्या विभागातल्या तंत्रज्ञ बाई, ज्यांचा हात अनेक वर्षे ईसीजीची वायर लावण्यात तयार झालेला आहे, दुसऱ्याच दिवशी माझ्या पुढे गेल्या.

कफच्या यंत्राला असले कसब लागत नाही, आणि गर्दीच्या विभागात तोच त्याचा मोठा गुण ठरतो. ते आधी नेहमीप्रमाणे दंडातला दाब मोजते, हवा सोडते, आणि मग पुन्हा थोडी हवा भरून कफ काही सेकंद तसाच स्थिर ठेवते. त्या अवधीत कफमध्ये उठणाऱ्या बारीक कंपनांवरून ते लाट नोंदवते. कोणत्या दाबाला थांबायचे, यात कंपन्यांचे मार्ग वेगळे आहेत. काही यंत्रे खालच्या दाबाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली थांबतात, तर काही वरच्या दाबाच्या पुढे जाऊन धमनी पूर्ण बंद करून लाट पकडतात. दुसऱ्या प्रकारात लाटेचे बारकावे बरे दिसतात, पण दंड चांगलाच आवळला जातो आणि नाजूक हाताची माणसे कुरकुरतात. आमचे यंत्र पहिल्या प्रकारचे आहे. एका माणसाला सगळे मिळून तीन मिनिटे लागतात, आणि रुग्ण बोलला किंवा त्याने बोटे हलवली की ते नोंद नाकारून पुन्हा हवा भरते, हेही मला योग्यच वाटते. कांडीच्या तुलनेत त्यातली लाट थोडी बोथट दिसते, कारण मध्ये मांस, चरबी आणि कापड असते.

एवढे सांगून मी या परीक्षणातल्या मुख्य मुद्द्याशी येते, आणि यंत्र घेण्यापूर्वी हा मुद्दा कुणी मला समजावून सांगितला असता तर माझे पहिले दोन महिने वाचले असते. कांडीने किंवा कफने पकडलेली लाट हा नुसता आकार असतो. तिला मिलिमीटर पाऱ्याची मोजपट्टी लावलेली नसते. ती मोजपट्टी येते दंडातल्या नेहमीच्या बीपीवरून. म्हणजे ज्या कफच्या अपुरेपणावर उपाय म्हणून आपण हे यंत्र आणले, त्याच कफच्या आकड्यांवर या यंत्राचा सगळा डोलारा उभा असतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, धमनीत थेट मोजलेल्या दाबाशी कफची तुलना केली तेव्हा कफ दंडातला वरचा दाब सरासरी सुमारे सहा मिलिमीटरने कमी आणि खालचा जवळपास तेवढ्यानेच जास्त दाखवतो, असे आढळले होते. ही चूक ट्रान्सफर फंक्शन कितीही नेटके असले तरी जशीच्या तशी पुढे सरकते.

मोजपट्टी लावण्याच्या रीतीही दोन आहेत, आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत. पहिल्या रीतीत लाटेचे टोक आणि तळ अनुक्रमे दंडातल्या वरच्या आणि खालच्या दाबाला बांधले जातात. दंडापासून मनगटापर्यंतच्या वाटेतही वरचा दाब चढतो, हे यात धरलेलेच नसते, त्यामुळे केंद्रीय दाबाचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी येण्याकडे कल राहतो. दुसऱ्या रीतीत तळाला खालचा दाब आणि मधे सरासरी दाब बांधला जातो, कारण सरासरी दाब वाटेत फारसा बदलत नाही. तत्त्व म्हणून हे अधिक पटण्यासारखे आहे, पण सरासरी दाब कुठून आणला यावर सगळे अडते. माझ्याच दंडाचे आकडे घेते: १३८/८२, म्हणजे दोहोंतला फरक ५६. आम्ही शिकलो त्या सूत्राप्रमाणे खालच्या दाबात फरकाचा एक तृतीयांश मिळवला तर सरासरी दाब १००.७ येतो, काही यंत्रे एक तृतीयांशाऐवजी ४० टक्के मिळवतात, त्याने तो १०४.४ होतो. आता माझ्या महाधमनीच्या लाटेत सरासरी दाब लाटेच्या उंचीच्या ४४ टक्क्यांवर पडतो असे धरले, तर पहिल्या हिशेबाने माझा केंद्रीय वरचा दाब १२४ आणि दुसऱ्याने १३३ येतो. माणूस तोच, ठोका तोच, लाटही तीच, आणि फरक नऊ मिलिमीटरचा. यात माझ्या धमनीचा काहीच संबंध नाही. हा फरक केवळ सूत्राचा आहे.

म्हणून या जातीचे यंत्र पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न पडदा किती इंची आहे हा नसून, मोजपट्टी कोणत्या रीतीने लावता हा असायला हवा. आमच्या कफच्या यंत्राच्या पुस्तिकेत त्याविषयी एक ओळही सापडली नाही. कंपनीला तीन पत्रे लिहिल्यावर कळले की दोन्ही रीती उपलब्ध असून मेनूत आत कुठेतरी त्यातली एक निवडता येते, आणि आमचे यंत्र बसवणाऱ्याने ती न विचारताच निवडलेली होती. छापून येणाऱ्या अहवालावर मात्र कोणती रीत वापरली याचा पत्ता नसतो. एकाच रुग्णाचा आमच्याकडचा आणि दुसरीकडचा अहवाल शेजारी ठेवून ‘दाब सुधारला’ किंवा ‘बिघडला’ असे म्हणणारा डॉक्टर त्यामुळे नकळत सूत्रांचीच तुलना करत असतो. या एका गोष्टीसाठी मी या यंत्राचे गुण सर्वांत जास्त कापते.

यंत्राचा अचूकपणा तपासण्याचे निकष आता ठरलेले आहेत. धमन्यांवर संशोधन करणाऱ्या ‘आर्टरी’ या संस्थेच्या गटाने २०१७ मध्ये त्यासाठी एकमताने नियम मांडले. थेट महाधमनीत नळी घालून मोजलेल्या दाबाशी तुलना करायची, निदान ८५ माणसांत करायची, आणि सरासरी फरक पाच मिलिमीटरच्या आत व त्या फरकांचे विखुरणे (स्टँडर्ड डेव्हिएशन) आठच्या आत असायला हवे. विक्रेत्याने दाखवलेल्या तुलनेत समोर नळी होती की दुसरे एखादे असेच यंत्र होते, हे विचारून बघावे. एका अंदाजाची दुसऱ्या अंदाजाशी गाठ घालून दोघेही बरोबर ठरवण्याची सोय कागदोपत्री फार आकर्षक दिसते.

अहवालावर केंद्रीय दाबाखेरीज आणखीही आकडे छापून येतात आणि रुग्णांचे लक्ष नेमके त्यांच्याकडेच जाते. त्यातला ऑगमेंटेशन इंडेक्स म्हणजे परतीच्या लाटेमुळे दाबात जी भर पडते तिचे लाटेच्या उंचीशी असलेले शेकडा प्रमाण. तो उपयोगी आहे, पण तो नाडीच्या गतीबरोबर हलतो; मिनिटाला दहा ठोके वाढले की तो सुमारे चार टक्क्यांनी उतरतो, म्हणून तो ७५ ठोक्यांना जुळवून दिलेला असेल तरच वाचावा. बुटक्या माणसांत आणि स्त्रियांत तो मुळातच जास्त असतो. त्याखाली ‘रक्तवाहिन्यांचे वय’ नावाचा एक आकडा असतो, त्याबद्दल मात्र माझे मत स्पष्टपणे वाईट आहे. एका दंडाच्या कफवरून नाडीच्या लाटेचा वेग आणि त्यावरून हे वय काढल्याचा यंत्राचा दावा आहे. एका संध्याकाळी विभाग रिकामा झाल्यावर मी स्वतःलाच कफ बांधला, नोंद घेतली, मग यंत्रातली माझी जन्मतारीख दहा वर्षांनी मागे नेली आणि लगेच पुन्हा नोंद घेतली. बीपी दोन मिलिमीटरनेच बदलला होता, पण लाटेचा वेग सेकंदाला एक मीटरहून अधिक वाढला आणि माझ्या रक्तवाहिन्या पाच मिनिटांत म्हाताऱ्या झाल्या. वय आपणच भरायचे आणि तेच यंत्राने रंगीत पट्टीवर आपल्याला परत सांगायचे, याला मी मोजमाप म्हणणार नाही. लाटेचा वेग खरोखर हवा असेल तर मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीमधले अंतर आणि वेळ मोजण्याची जुनी रीत आहे, जिच्यात सेकंदाला १० मीटरच्या वरचा वेग ताठरपणाची खूण मानला जातो. तिला वेळ लागतो आणि रुग्णाला थोडा संकोचही वाटतो, पण तिथे मोजणी खरी होते.

आता या आकड्याने रुग्णाच्या उपचारात काय फरक पडतो? या बाबतीतला पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो, आणि विकणारे त्यातली एकच बाजू सांगतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅफे’ अभ्यासात, जो ‘ॲस्कॉट’ या मोठ्या चाचणीचा भाग होता, २०७३ रुग्णांची मनगटाच्या कांडीने तपासणी झाली. ॲम्लोडिपिनवर आधारित आणि ॲटेनोलॉलवर आधारित अशा दोन उपचारांत दंडातल्या वरच्या दाबाचा फरक जेमतेम ०.७ मिलिमीटर होता, पण केंद्रीय दाब ॲम्लोडिपिनच्या गटात ४.३ मिलिमीटरने कमी होता. ॲटेनोलॉलने नाडी मंदावते, हृदयाचा रक्त ढकलण्याचा काळ लांबतो आणि परतीची लाट त्याच काळात सापडते, असा त्यामागचा कार्यकारणभाव सांगितला जातो. दंडावर सारख्या वाटणाऱ्या दोन गोळ्या हृदयाजवळ सारख्या नसतात, हे त्या अभ्यासाने दाखवले आणि या यंत्रांना खरी प्रतिष्ठा मिळाली. २०१३ च्या ‘बीपी गाइड’ अभ्यासातही, २८६ रुग्णांत, केंद्रीय दाबाकडे बघून उपचार केल्यावर औषधे कमी लागली आणि तरीही हृदयाच्या डाव्या कप्प्याची जाडी त्यामुळे वाढलेली दिसली नाही. पण २०१० मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या दीर्घ मुदतीच्या हृदयविकार-अभ्यासाच्या संशोधकांनी, नेहमीचे धोके हिशेबात घेतल्यावर पुढच्या हृदयविकाराशी महाधमनीचा ताठरपणा जोडलेला दिसतो, केंद्रीय दाबाचे आकडे आणि ऑगमेंटेशन इंडेक्स मात्र दिसत नाहीत, असा निष्कर्ष मांडला होता. उच्च रक्तदाबावरच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०१३ मध्ये याचा मध्य काढला: रोजच्या वापरासाठी शिफारस करण्याआधी आणखी अभ्यास हवा, अपवाद असेलच तर तरुणांमधल्या, फक्त वरचा दाब वाढलेल्या रुग्णांचा. माझा स्वतःचा अनुभव याच ओळीशी जुळतो.

काही रुग्णांत हे यंत्र वापरूच नये. नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर प्रत्येक ठोक्याची लाट वेगळी असते आणि त्यांची सरासरी कुणाचीच लाट नसते; यंत्र तरीही ऐटीत आकडा देते. महाधमनीची झडप अरुंद झालेली असेल, दोन दंडांच्या दाबात मोठी तफावत असेल किंवा डायलिसिससाठी हातात फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) केलेला असेल, तरीही तेच. त्यामुळे आम्ही प्रत्येकाची नाडी आधी बोटाने पाहतो आणि पहिल्या भेटीत दोन्ही दंड मोजतो. ही दोन कामे यंत्राच्या पडद्यावर कुठेही सुचवलेली नाहीत.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगते. कफचे दोनच आकार सोबत येतात, मोठ्या दंडाचा वेगळा मागवावा लागतो, आणि लहान कफ जाड दंडाला बांधला तर दाब फुगून येतो व पाठोपाठ केंद्रीय दाबही. सॉफ्टवेअर कधीकधी नोंद साठवायला विसरते. अहवालावर केंद्रीय आकडा दंडाच्या आकड्यापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत आणि हिरव्या-लाल रंगात छापला जातो, हे मला अगदीच गैर वाटते, कारण रुग्ण रंग वाचतो आणि १२४ हिरवा दिसला की १४८ विसरतो. या दाबाची सर्वमान्य मर्यादारेषाही अजून पक्की नाही. १३०/९० ही रेषा २०१३ मध्ये एका गटाने दीर्घ मुदतीच्या धोक्यावरून सुचवली होती, आणि यंत्राने रंग बदलण्यासाठी बहुधा तीच घेतली असावी, पण तसे कुठे लिहिलेले नाही. जमेच्या बाजूला सांगायचे तर दोन्ही यंत्रे दणकट आहेत, आणि लाटेचा आलेख मोठा व स्वच्छ दिसतो. खरे तर मी हल्ली आधी आलेखच पाहते. लाटेचा दुसरा, म्हणजे परतीच्या लाटेचा, उंचवटा पहिल्याहून उंच आहे की बुटका, हे डोळ्यांना दिसते आणि त्याला कोणत्याही सूत्राची मोजपट्टी लागत नाही. आजींच्या आलेखात तो उंचवटा मागाहून येऊन पहिल्याच्या डोक्यावर चढलेला होता, आणि दाबाच्या आकड्यापेक्षा ते चित्र दाखवल्यावरच त्यांना गोळी रोज का घ्यायची हे पटले.

तेव्हा कुणी घ्यावे? ज्यांच्याकडे तरुण, फक्त वरचा दाब वाढलेले रुग्ण नियमित येतात, किंवा ज्यांना दोन औषधांमधला फरक दंडापलीकडे जाऊन बघायचा आहे, त्यांनी कफचे यंत्र घ्यावे. संशोधन करणाऱ्यांनी आणि हात बसवायला वेळ असणाऱ्यांनी कांडी घ्यावी. सर्वसाधारण दवाखान्यासाठी मी दोन्ही सुचवणार नाही. तिथे तोच खर्च योग्य आकाराचे कफ, रुग्णाला पाच मिनिटे बसवायला एक खुर्ची आणि घरी बीपी मोजण्यासाठी उसने द्यायची दोन-तीन साधी यंत्रे यांवर केला तर रुग्णांचे अधिक भले होईल.

त्या मुलाला आम्ही गोळी सुरू केली नाही, पण त्याला मोकळेही सोडले नाही, कारण तरुणपणी वाढलेला वरचा दाब पूर्णपणे निरुपद्रवी असतो असे म्हणण्याइतका पुरावा कुणाकडेच नाही. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेल्या आकड्यांचा कागद तो सहा महिन्यांनी घेऊन आला. त्यातला वरचा दाब बहुतेक वेळा १३० च्या आसपास होता. आम्ही त्याला त्याच यंत्रावर, त्याच दंडाला, त्याच आकाराचा कफ बांधून, मेनूतली रीत तीच आहे ना हे दोनदा तपासून पुन्हा मोजले. दंडातला दाब १४२/७४ आणि केंद्रीय ११९ आला. तंत्रज्ञ बाईंनी अहवालाच्या कोपऱ्यात पेनाने यंत्राचा क्रमांक आणि मोजपट्टीची रीत लिहिली, आणि पुढची तारीख आम्ही एका वर्षानंतरची दिली.